बाबांना दिसलेली जनावरं

टेक्ससमधल्या प्लेनोहून दोन राज्यं पलीकडच्या चँडलरला विमानाने अडीच तास लागतात. बाबांना मी गाडीने नेलं. आधीच्या वर्षी विमानतळावर बूट काढायला सांगितल्यावर ते इतके बिथरले होते की आमची फ्लाइट चुकली, आणि घरी येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. चँडलरला माझा धाकटा भाऊ राहतो, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. बाबांनी आता त्याच्याकडे राहावं असं आम्ही दोघांनी फोनवर ठरवून टाकलं होतं. बाबांना सांगताना मी ‘थोडे दिवस हवापालट’ असं म्हणाले.

आई गेल्यापासून बाबा तीन वर्षं आमच्याकडे होते. त्याआधी त्यांचं सगळं आयुष्य चंद्रपूरच्या बाजूला, वनखात्यात गेलं. रेंजर म्हणून रिटायर झाले. प्लेनोत आमच्या घरामागे चालायला ट्रेल आहे आणि त्याच्या कडेने एक नाला वाहतो. पहिली दोन वर्षं ते रोज तिकडे जायचे आणि ससे, कासवं, बगळे यांची खबर घेऊन यायचे. तिसऱ्या वर्षी एकदा दुपारी गेले ते संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. तीन मैलांवर एका शाळेच्या पार्किंगमध्ये उभे असलेले सापडले. त्यानंतर दोनदा गॅस चालू राहिला. मग माझ्या नवऱ्याने पुढच्या दाराला अगदी वर एक जास्तीची कडी बसवली, बाबांच्या लक्षात येणार नाही अशी. त्यांच्या ती पहिल्याच दिवशी लक्षात आली. तेव्हापासून चालायला जायचं आहे का असं विचारणं त्यांनी बंद केलं.

मी त्यांच्यावर चिडायला लागले होते. मीटिंग चालू असताना ते चौथ्यांदा येऊन तोच प्रश्न विचारायचे आणि मी हाताने गप्प राहायची खूण करायचे, लहान मुलाला करतात तशी. हे मला आज लिहिताना जितकं टोचतं तितकं तेव्हा टोचत नव्हतं.

चँडलरमध्ये भावाने एका डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी. डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी फोनमध्ये यादी करत होते. कधी काय विसरले, कधी काय भलतंच बोलले, सगळं तारीखवार.

निघालो तेव्हा मार्च महिना होता. डॅलसचा ट्रॅफिक मागे पडल्यावर दोन लेनचा रस्ता लागतो. टेक्सस तिथून हळूहळू डोंगराळ होत जातं, ओकची बुटकी झाडं, चुनखडीचे उघडे दगड, मैलोन् मैल तारेचं कुंपण. बाबा शेजारच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. चार वाजण्याच्या सुमाराला ते म्हणाले, “चितळं होती.”

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मला काही दिसलं नव्हतं. मी म्हणाले, बाबा, इथली हरणं वेगळी असतात, शेपटीखाली पांढरी असतात ती.

“ठिपके होते ना,” ते म्हणाले. “मोठ्या नराला ठिपके होते. शिंगाला तीन टोकं.”

“हो का,” मी म्हणाले.

अर्ध्या तासाने त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि काळवीट दिसलं म्हणून सांगितलं. वरून काळं, पोट पांढरं, पिळाची शिंगं. मी “हो, बाबा” म्हणाले. चितळ आणि काळवीट, एका तासात, टेक्ससमध्ये. बाबा मनाने कुठे होते हे मला कळल्यासारखं वाटलं. ते त्यांच्या रेंजमध्ये होते, चाळीस वर्षं मागे, आणि गाडी चालवणारी मी त्यांना कोण वाटत होते देव जाणे.

पुढच्या पेट्रोल पंपावर ते रेस्टरूमला गेले तेव्हा मी गाडीमागे उभं राहून भावाला फोन केला. बाबांना आता भास होतायत, ते स्वतःला चंद्रपूरला समजतायत, असं सांगितलं. तो घाबरला. यादीत लिहून ठेव म्हणाला. मी लिहिलं, वेळ घालून. मान वर केली तर बाबा चार पावलांवर उभे होते, हात पुसायचा कागद तसाच मुठीत धरून. किती वेळ उभे होते ते मला विचारता आलं नाही.

मुक्कामाला आम्ही जंक्शन नावाच्या छोट्या गावात थांबलो. नदीकाठी मोटेल होतं. जेवताना बाबा म्हणाले, “तू उगाच हो म्हणू नको, माय. तुला दिसलं नसेल तर नाही म्हण. मी काही रागावत नाही.”

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. मी तसं मुद्दाम करत नाही, असं काहीतरी म्हणाले. ते खोटं होतं.

सकाळी जाग आली तेव्हा त्यांचा पलंग रिकामा होता. दार नुसतं लोटलेलं होतं. मी पायात चपला न घालता बाहेर धावले. मला पहिल्यांदा नदी आठवली. ऑफिसमध्ये एक वयस्क बाई कॉफी भरत होती. माझे वडील बघितले का, असं मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, ते मागे आहेत, ‘ॲक्सिस’ बघतायत. हा शब्द मला कळला नाही. मोटेलला वळसा घालून मी मागे गेले.

पेकानच्या उंच झाडांखाली, नदीच्या अलीकडे गवतात बाबा उभे होते, हात पाठीमागे बांधून. त्यांच्यापासून पन्नास-साठ पावलांवर चितळांचा कळप चरत होता. तांबूस अंगावर पांढरे ठिपके, गळ्याखाली पांढरा पट्टा. ताडोबाला बाबांच्या जीपमधून बघितलेली होती तशीच, तीच. माझी चाहूल लागताच बाबांनी मागे न वळता तळहात खाली दाबला. मी जिथे होते तिथेच थांबले. ओल्या गवतात अनवाणी. एका नराने मान वर करून आमच्याकडे बघितलं, त्याच्या शिंगाला तीन टोकं होती.

बऱ्याच वेळाने कळप नदीकडे उतरला. बाबा वळले आणि म्हणाले, “नर चार, माद्या एकवीस, पिल्लं सहा.” बस, तेवढंच. मी कालचं काही बोलावं म्हणून ते थांबलेही नाहीत, सरळ चहाकडे निघाले.

त्या बाईने मग आम्हाला सगळं सांगितलं. फार पूर्वी इथल्या रँचवाल्यांनी ही जनावरं, म्हणजे तिच्या भाषेत ‘ॲक्सिस’, भारतातून आणली, शिकारीसाठी. काही कुंपणाबाहेर गेली आणि इथलीच झाली. काळवीटही आहेत म्हणाली. पुढे हायवेला लागलात की उंच कुंपणं दिसतील, त्यात आफ्रिकेतलीसुद्धा दिसतील. बाबांनी मला विचारायला लावलं की शिकारीचे महिने कोणते. ती म्हणाली, या जनावरांना तसे महिने नाहीत, बाहेरची आहेत ना, वर्षभर चालतं. मी ते मराठीत सांगायला गेले, पण बाबांना इंग्रजी कळलं होतं.

“बाराही महिने?” त्यांनी मला विचारलं. “गाभण मादी असली तरी?”

ते मी तिला विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर मी यादीतल्या कालच्या दोन्ही ओळी पुसल्या आणि भावाला फोन लावला. चितळं खरी होती, असं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, “म्हणजे ताई, बाबा ठीक आहेत?” मी म्हणाले, मला वाटतं आपण जरा घाई केली. त्या सकाळी मी खरंच तसं मानलं. शाळेचं पार्किंग, गॅस, मीटिंगमधले प्रश्न, या सगळ्याला काहीतरी साधं कारण असेल, आपण नीट विचारलंच नाही, असं मला वाटायला लागलं. गाडी वळवून परत प्लेनोला जावं असंही एकदा मनात आलं. बाबा खुशीत होते. चितळ आणि वानर एकमेकांना कसे सावध करतात ते त्यांनी मला वीस मैल समजावून सांगितलं. सगळं बिनचूक, क्रमाने.

जंक्शन सोडून तासभर झाला असेल. उजव्या हाताला आठ फूट उंच जाळीचं कुंपण सुरू झालं. पहिल्यांदा मला झेब्रा दिसला. ओकच्या सावलीत शेपूट हलवत उभा होता. मी वेग कमी केला. आदल्या दिवशी बाबांवर विश्वास न ठेवणारी मी, आता माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. मग बाबा म्हणाले, “थांबव.”

हायवेला समांतर एक छोटा रस्ता होता, त्यावर मी गाडी घेतली. कुंपणापलीकडे झेब्र्याच्या मागे आणखी पाच-सहा जनावरं होती. घोड्याएवढी, राखाडी अंगाची. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, आणि तलवारीसारखी सरळ, लांब शिंगं. बाबा उतरून जाळीजवळ गेले.

“हे आपल्याकडचं नाही,” ते म्हणाले. “आफ्रिकेतलं आहे. ट्रेनिंगच्या पुस्तकात चित्र होतं. नाव आठवून नाही राहिलं.”

मी फोनवर बघून सांगितलं, ओरिक्स. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. आम्ही दहा-पंधरा मिनिटं तिथे असू. ऊन कोवळं होतं, हायवेवरचे ट्रक लांबून ऐकू येत होते. जनावरं आम्हाला बघत होती आणि आम्ही त्यांना. आज बाबांबरोबरचं एवढंच सुख मला धड आठवतं.

मग आतल्या कच्च्या रस्त्यावरून एक पिकअप ट्रक आला. त्याचा आवाज ऐकून जनावरं पळतील असं मला वाटलं. ती उलट ट्रकच्या दिशेने चालू लागली. झेब्रा तर दुडक्या चालीने निघाला. थोड्या अंतरावर तीन पायांच्या स्टँडवर धान्याचं पिंप होतं आणि त्याच्यापासून शंभरेक पावलांवर उंच खांबांवर बसवलेली एक पेटी, तिला आडव्या फटी. बाबांनी पिंपाकडे बघितलं, मग पेटीकडे.

“मचाण आहे,” ते म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. पाणवठ्यावर मचाण बांधून मारणाऱ्यांना त्यांनी किती वेळा पकडलं होतं, ते आम्ही लहानपणी ऐकलेलं आहे. त्यांनी दोन्ही हातांनी जाळी हलवायला सुरुवात केली आणि ओरडायला लागले. “हट! पळा! पळा तिकडून!” जनावरांनी कान टवकारले आणि चालत राहिली. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

ट्रक वळून कुंपणाशी आला. टोपी घातलेला, साधारण माझ्याच वयाचा माणूस उतरला. काही मदत हवी आहे का, असं त्याने विचारलं, पण विचारताना तो बाबांच्या हातांकडे बघत होता. बाबांनी शर्टची गुंडी लावली, ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, “व्हेअर इज युवर परमिट?”

त्या माणसाला वाटलं बाबा शिकारीचं विचारतायत. ही खाजगी जागा आहे, शिकार बुकिंग करून होते, असं तो सांगायला लागला. बाबांनी त्याला मधेच थांबवलं. ही जनावरं कोणाच्या परवानगीने ठेवली, मचाण कोणी बांधलं, सगळी नावं पाहिजेत, असं सरकारी इंग्रजीत बजावलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “पंचनामा करावा लागेल. जीपमधून गार्डला बोलाव. आणि माझी डायरी आण.”

ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते. माझ्या जागी त्यांना खात्यातलं कोणीतरी दिसत होतं. सकाळपासून मी मनात बांधलेलं सगळं तिथे खाली आलं.

माणूस आता सावध झाला होता. तुम्ही निघालात तर बरं, नाहीतर मला शेरीफला फोन करावा लागेल, असं म्हणून त्याने खिशातून फोन काढला. बाबा म्हणाले, करा, मीच बोलतो. तेव्हा मी पुढे झाले आणि बाबांच्या देखत त्याला म्हणाले, “माय फादर हॅज डिमेन्शिया. ही डझन्ट नो व्हॉट ही इज सेइंग.”

तोपर्यंत हा शब्द कुठल्याही डॉक्टरने उच्चारला नव्हता. भाऊ आणि मीही फोनवर तो टाळायचो, ‘ते’ म्हणायचो. पहिल्यांदा तो मी उच्चारला, एका अनोळखी माणसासमोर, आणि बाबांनी तो ऐकला. जाळीवरचे त्यांचे हात खाली आले. माणसाने फोन खिशात ठेवला, सॉरी म्हणाला, आणि बाबांकडे न बघता मला उद्देशून म्हणाला, टेक युवर टाइम. त्याच्या मागे जनावरं पिंपाखाली खाली मान घालून दाणे खात होती.

बाबा स्वतःहून गाडीत जाऊन बसले. सीटबेल्ट त्यांना लावता येईना, तो मी लावला. पुढे मी दीड-दोन तास गाडी चालवली. डोंगर संपले, सपाट उजाड मुलूख सुरू झाला, क्षितिजावर पवनचक्क्या. एका रेस्ट एरियात मी गाडी थांबवली आणि धपाट्यांचा डबा काढला. सिमेंटच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो. वारा इतका होता की कागदी प्लेट हाताने धरून ठेवावी लागत होती.

“तू त्या माणसाला काय सांगितलं, ते समजलं मला,” बाबा म्हणाले.

मी म्हणाले, तो पोलिसांना बोलावणार होता, मला दुसरं काही सुचलं नाही.

“वाईट वाटलं. पण तू बरोबर केलं.” त्यांनी एक घास खाल्ला. “मला पूर्ण वाटलं, मी ड्यूटीवर आहे. खिशात डायरी नव्हती तरी वाटून राहिलं होतं. तू इंग्रजीत बोलली तेव्हा एकदम गेलं ते.”

मी विचारलं, असं कधीपासून होतंय. ते प्लेटच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“तुझी आई होती तेव्हापासून,” ते म्हणाले. “एकदा बँकेतून घरी येताना रस्ता सापडेना. पार मूल गावाच्या रस्त्यापर्यंत गेलो. तिला सांगितलं. पोरांना नको सांगू म्हटलं, तिकडे काळजी करतील. तिने सांभाळून घेतलं सगळं.”

मला आमचे रविवारचे फोन आठवले. आईच जास्त बोलायची. बाबा फोनवर आले की मागून तिचा आवाज यायचा, अहो, तिला प्रमोशन मिळालं ना, त्याचं विचारा. नातीची परीक्षा झाली, ते विचारा. आम्ही भावंडं त्यावर हसायचो, आई बाबांना बोलूच देत नाही म्हणून. ती त्यांना एकेक वाक्य पुरवत होती, आणि आम्हाला दोघांनाही हे कळलं नव्हतं. ती गेली त्या आठवड्यातही तिने आम्हाला ते सांगितलं नाही.

“मला तिकडे ठेवायला चालली ना?” बाबांनी विचारलं.

“हो, बाबा.”

“कायमचं?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. बरं झालं सांगितलं म्हणाले, आणि दुसरं धपाटं मागितलं. मी उठून गाडीच्या पलीकडे गेले, पाण्याची बाटली काढायच्या निमित्ताने, आणि बराच वेळ डिकीत डोकं घालून उभी राहिले.

त्या दिवशीचा मुक्काम लास क्रूसेसला झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चँडलरला पोचलो. भावाने बाबांची खोली नीट लावून ठेवली होती. संध्याकाळी मी त्याला कुंपणाजवळचं सगळं सांगितलं, तेव्हा तो चिडला. “ताई, तू त्यांच्यासमोर तो वर्ड वापरलास? आपण डॉक्टरकडे जाईपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?” मी म्हणाले, तू तिथे असतास तर काय केलं असतंस. तो म्हणाला, माहीत नाही, पण हे नसतं केलं. यावर आम्ही पुढे बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

डॉक्टर मृदू स्वभावाची तरुण बाई होती. तिने बाबांना वर्ष विचारलं, ते चुकलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, त्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, त्यातला एकही आला नाही. शेवटी तिने एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला सांगितलं, कुठल्याही भाषेत. बाबांनी एकदाही न थांबता सांगितली, सांबर, भेकर, चौसिंगा, अस्वल, रानकुत्रा, उदमांजर, सायाळ. ती मोजत होती आणि मी अर्थ सांगत होते. मी मागे पडले. मिनिट संपल्याचं तिने सांगितलं तरी ते बोलत होते. तिने हात वर केला नाही, ऐकून घेतलं, आणि मग निदान काय आहे ते आम्हा तिघांना सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, इतकंच मी सांगू शकते.

चार दिवसांनी माझी रजा संपली. निघताना बाबा ड्राइव्हवेपर्यंत आले. खात्याच्या जीपभोवती फिरायचे तसे गाडीभोवती फिरले, चारही टायर बुटाने दाबून बघितले आणि मागचा डावा कमी आहे म्हणाले. मी बरं म्हणाले. हायवेला लागण्याआधी पंपावर थांबून हवा मोजली. चारही टायरमध्ये हवा बरोबर होती. मी गेज परत जागेवर लावलं, गाडीत बसले, आणि जाताना जंक्शनचा, त्या कुंपणाजवळून जाणारा रस्ता न घेता उत्तरेकडच्या दुसऱ्या रस्त्याने प्लेनोला गेले.